प्रोटोकॉल म्हणजे नक्की काय? (काकूंचा किस्सा, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

उसाचं_चिपाड | रविवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज लिहायला बसलोय कारण डोक्यातनं जाईना झालंय. गणपतीतली गोष्ट. घर पाहुण्यांनी गच्च, म्हणून काकू (सख्खी चुलती, वय ५२) सोप्यात खाली सतरंजीवर झोपल्या. पहाटे चारच्या सुमारास पोटात कळ आली म्हणून उठल्या, दोन उलट्या झाल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं, मोदक! आदल्या दिवशी त्यांचा हात जरा सढळच होता. ओवा दिला, सोडा दिला, काय फरक नाही, मग गाडी काढून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. कुठला तालुका ते विचारू नका, माणसं चांगली होती.

आता बघा. वय चाळीसच्या वर आणि पोटाच्या वरच्या भागात दुखतंय म्हटल्यावर सिस्टरनं पाच मिनिटांत ईसीजी काढला, नॉर्मल आला. बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं कागदावर चढलं. गॅसचं इंजेक्शन, सलाईन, सकाळी सोनोग्राफी. एक रकाना रिकामा नाही. डॉक्टर पोरगेलासा होता, रात्रभर जागलेला दिसत होता, पण त्यानं एक पायरी चुकवली नाही हे मी शपथेवर सांगतो.

साडेपाचला काकू डोळे मिटून पडल्या, आम्ही म्हटलं झोप लागली, बरं झालं बाई. तेवढ्यात फरशी पुसायला आलेली आया बादली खाली ठेवून काकूंच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. "अक्का, डोळं उघडा बघू." काकूंनी जोर लावला, कपाळाला आठ्या पडल्या, भुवया पार वर गेल्या, पण पापण्या काय उचलेनात. आयानं आमच्याकडं वळून विचारलं, "खाली झोपलेल्या काय ह्या?"

एवढंच विचारलं तिनं. डॉक्टर पळत आला, काकूंना म्हणाला मान उचला, मान उचलेना. अंगभर चाव्याची खूण शोधली, कायच सापडलं नाही, तरी मण्यार साप चावला असं धरूनच चालायचं म्हणाला. आणि तिथनं पुढं जे झालं ते मशीनसारखं. एक सिस्टर ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून बाजूला ठेवूलाल्या, दुसऱ्या सापाच्या विषावरच्या लसीच्या बाटल्या फोडूलाल्या, दहा, एकानं बेळगावला फोन लावला, घशात नळी घालूनच गाडीत चढवलं आणि सिस्टर वाटभर श्वासाचा फुगा दाबत बसली. चार दिवस व्हेंटिलेटर. आता काकू घरात आहेत आणि भांडी घासायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

तर माझा प्रश्न असा. पहिला दीड तास सगळं प्रोटोकॉलप्रमाणं, म्हणजे दवाखान्यात ठरवून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणं, झालं आणि बाई मरायला टेकली. पुढचा दीड तासही प्रोटोकॉलप्रमाणंच झालं आणि बाई वाचली. मग मी ह्याला चांगलं म्हणू का वाईट?

---

विठू_कट्टेवाला | रविवार, रात्री ११:१०

आयाला डॉक्टर करा आणि डॉक्टरला मोदक द्या. विषय संपला.

---

अक्का_रात्रपाळी | रविवार, रात्री ११:४८

विठू, तुझं नेहमीचं आहे. ड्युटीवरनंच लिहितेय, मधे थांबले तर समजून घ्या.

दादा, आधी काकूंना नमस्कार सांगा. मी १४ वर्षं कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) आहे, गाव खानापूर तालुक्यात. प्रोटोकॉल यायच्या आधीचं मी थोडं बघितलंय आणि सिनियर सिस्टरांकडनं भरपूर ऐकलंय. साप चावलेला आला की पायाला दोरी आवळलेली, ती कुणी सोडायची ह्यावर वाद. लस द्यायच्या आधी कातडीत टेस्ट डोस टोचायचे आणि बघत बसायचे. आता टेस्ट डोस देऊच नका असं सांगतात, कारण रिॲक्शन येणार की नाही ते त्यावरनं कळतच नाही, नुसता वेळ जातो. त्यापेक्षा रिॲक्शन आली तर द्यायला ॲड्रेनॅलिन भरून ठेवा आणि लस सुरू करा. तुमच्या त्या सिस्टरनं केलं ते हेच.

आणि एक. लहान लेकरू आलं की आम्ही दहा बाटल्या काढल्या की नातेवाईक अंगावर येतात, "एवढ्याशा पोराला मोठ्या माणसाएवढी लस?" आता सापानं काय वजन बघून विष सोडलंय काय! विष तेवढंच, म्हणून लसही तेवढीच. पण हे कागदावर छापलेलं नसतं तर रात्री दोन वाजता नव्या डॉक्टरनं भीतीनं निम्मीच दिली असती. मी बघितलंय तसं होताना.

पण आता कागदाचं दुसरं रूप सांगते. रक्त गोठतंय का बघायला २० मिनिटांची टेस्ट असते, काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, २० मिनिटांनी आडवी करून बघायची, गोठलं नाही तर लस द्यायची. साधी गोष्ट. पण नळी काचेचीच पाहिजे, कोरडी, स्वच्छ आणि साबणानं न धुतलेली. प्लास्टिकची घेतली किंवा साबणाची धुतलेली घेतली तर चांगल्या माणसाचंही रक्त गोठत नाही. मी एका ठिकाणी डेप्युटेशनवर होते (नाव नको), तिथले वॉर्डबॉय मामा रोज त्या नळ्या निरम्यानं लख्ख धुऊन उन्हात वाळवून ठेवायचे. मनापासून करायचे बिचारे. रजिस्टरमधे टेस्ट शंभर टक्के वेळेवर, आणि महिनाभर ज्याला त्याला लस चालूलाली. कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही, कारण रकाना भरलेला होता.

थांबा, पेशंट आलाय.

---

अक्का_रात्रपाळी | सोमवार, पहाटे २:२०

हां. तर तुमच्या काकूंचं. मण्यारीत रक्त नीट गोठतं, त्यामुळं ती नळीची टेस्ट केली असती तरी नॉर्मलच आली असती आणि सगळे अजून निवांत झाले असते. मण्यार रात्री घरात शिरते, खाली झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि मग पापण्या पडतात. हे सगळं सापाच्या प्रोटोकॉलमधे लिहिलेलं आहे हो! पण तो कागद उघडायला आधी कुणाला तरी साप आठवावा लागतो. तुमच्या काकू पोटदुखीच्या दारातनं आत आल्या, म्हणून त्यांना पोटदुखीचा कागद मिळाला.

---

उसाचं_चिपाड | सोमवार, सकाळी ७:०५

अक्का, "पोटदुखीच्या दारातनं आत आल्या" हे लागलं मनाला. दार आम्हीच उघडून दिलं की. डॉक्टरनं "काय झालं" विचारल्यावर मीच म्हटलं मोदक बाधले.

---

जांबोटी_घाट | सोमवार, सकाळी ८:३०

मी साप पकडून जंगलात सोडतो, शिकलेला नाही पण वीस वर्षं ह्यातच आहे. अक्कांच्या बोलण्यात भर.

आपली लस चार सापांवर चालते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. उसात, तंबाखूत, भुईमुगात चावणारे बहुतेक ह्यातलेच, त्यामुळं खाली सपाटीला चिक्कोडी-अथणीकडं ती बरोबर बसते. पण आमच्या घाटाकडं नाक वर उचललेला एक बारका चापडा साप असतो, पाचोळ्यात बसतो, दिसत नाही. त्याच्या चावण्यानंही सूज येते, रक्त गोठायचं बंद होतं, कधी कधी किडनीवर जातं. त्याच्यावर ही लस चालत नाही. पण नळीत रक्त गोठलं नाही की कागद सांगतो लस द्या, मग देतात, परत टेस्ट, परत लस. रिॲक्शनचा धोका फुकटचा आणि गुण शून्य. डॉक्टरला दोष नाही, त्याला घोणस आणि ह्यात फरक कसा कळणार. आणि लसीसाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सोसायटीकडनं येतं, तिकडच्या घोणशीचं विष आणि इकडच्या घोणशीचं विष अगदी तंतोतंत सारखं नसतं असं अभ्यास करणारे सांगतात.

म्हणून एक विनंती, साप मारून पिशवीतनं दवाखान्यात आणू नका. लांबनं फोटो मिळाला तर बघा, नाही तर तसेच पळा. मेलेल्या सापाचं तोंडही चावतं.

२०२४ पासनं कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालंय, ते मात्र बेस्ट झालं. कुठं कुठला साप जास्त चावतो ते तरी कळेल हळूहळू.

---

निपाणीचा_नातू | सोमवार, सकाळी १०:१५

मी प्रोटोकॉलच्या बाजूनं. आमचे आप्पा (वडील, ६७) आज जिवंत आहेत ते त्यामुळंच. रात्री घाम फुटला, डावा हात जड. सरकारी दवाखान्यात ईसीजी काढला, तो फोनवरनं मोठ्या हॉस्पिटलच्या हृदयाच्या डॉक्टरला गेला, तिकडनं होय म्हटल्यावर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन तिथंच दिलं, फुकट. कर्नाटक सरकारची ती नट पुनीत राजकुमारच्या नावाची हृदयाची योजना आहे त्यातनं. कुणी विचारलं नाही तू कुणाचा कोण, आधी डिपॉझिट भर म्हटलं नाही.

पण एक गंमत, त्यावेळी रडू येत होतं, आता हसायला येतं. सिस्टर गदगकडच्या, मराठी जेमतेम. कागदावरचा प्रश्न, छातीत दुखतंय का? आप्पा म्हणाले नाही. परत विचारलं, नाही. कारण आप्पांच्या मते ते दुखणं नव्हतंच, "दुखत न्हाई बाई, नुसतं दाटल्यावानी झालंय, कुणीतरी छातीवर पोतं ठेवल्यावानी." सिस्टरांनी 'छातीत दुखणे: नाही' लिहिलं. मी मोडक्या कन्नडमधे "भार आग्यादरी, भार" म्हणून छातीवर हात आपटून दाखवला तेव्हा ईसीजी निघाला. आता सांगा, दहा मिनिटांत ईसीजी काढायचा नियम आहे म्हणतात, पण ती दहा मिनिटं सुरू कधी होतात? "होय" म्हटल्यावर!

---

डॉ_घाटमाथा | सोमवार, दुपारी ३:४०

मी फिजिशियन आहे, बेळगावातच शिकलो, आता जिल्ह्यातच काम करतो. चांगला धागा आहे म्हणून वेळ काढून लिहितोय.

निपाणीकर, तुमच्या आप्पांच्या वेळी जो निर्णय झाला त्याच्या मागं एक आकडा आहे, १२० मिनिटं. तेवढ्या वेळात अँजिओप्लास्टीच्या टेबलावर पोचवता येत असेल तर पेशंटला तिकडं न्या, नाही तर इंजेक्शन देऊन मग पाठवा. निपाणी हायवेवर आहे, तिथं हा हिशेब करायला जागा आहे. तोच माणूस घाटातल्या कणकुंबीच्या पुढच्या वाडीवर पावसाळ्यात असता तर हिशेबच नाही, सरळ इंजेक्शन. म्हणजे नियम एकच, पण रस्त्याप्रमाणं त्याचं उत्तर बदलतं. आणि धोकाही सांगतो. हृदयातनं निघणारी मोठी रक्तवाहिनी आतनं फाटली तरी छातीत असंच भयंकर दुखतं, बहुतेक वेळा पाठीकडं जातं. त्याला हार्ट अटॅक समजून हे इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जातो. म्हणून दोन्ही हातांचं बीपी बघायचं, पाठीचं विचारायचं. हे पण कागदावर आहेच, पण घाईत पहिली गळते ती हीच ओळ.

आता मला जे खरं बोलायचंय ते. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात भिनून बीपी पडणं. २००१ साली अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलनं २६३ पेशंटवर ठरावीक तासांत ठरावीक आकडे गाठायचा एक कडक प्रोटोकॉल वापरला, मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ वर आले. जगभर गाजलं ते, आम्ही परीक्षेला पाठ करायचो. मग २०१४-१५ मधे अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि ब्रिटन अशा तीन मोठ्या चाचण्या झाल्या, तिन्हींत त्या कडक प्रोटोकॉलचा नेहमीच्या उपचारापेक्षा जास्तीचा फायदा दिसला नाही. कारण मधल्या काळात 'नेहमीचा उपचार'च सुधारला होता, लवकर ओळखा, लवकर अँटिबायोटिक द्या हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणजे प्रोटोकॉलनं आपलं काम करून टाकलं होतं असंही म्हणता येईल.

पण आफ्रिकेत काय झालं बघा. युगांडा, केनिया, टांझानियात ३१४१ लेकरांवर अभ्यास, २०११ ला छापून आला. तापानं फणफणलेली, रक्ताभिसरण बिघडलेली लेकरं. पुस्तक सांगतं सलाईन भराभर सोडा. ज्यांना सोडलं त्यांच्यात ४८ तासांत १०.५ टक्के दगावली, ज्यांना भराभर सोडलं नाही त्यांच्यात ७.३. झांबियात मोठ्या माणसांवर केलं, २०१७ चा अभ्यास, तिथं प्रोटोकॉलवाल्यांत ४८ टक्के मृत्यू आणि नेहमीच्या उपचारात ३३. औषध तेच हो! फरक असा की श्रीमंत देशात फुप्फुसात पाणी झालं तर शेजारी व्हेंटिलेटर उभा असतो. आणि आजारही तेच नव्हेत, मलेरिया, रक्तक्षय, कुपोषण.

पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट येतात तेव्हा मला हे रोज आठवतं. ताप उतरला की घरचे खूश, आणि खरा धोका तिथनंच सुरू. सलाईन कमी पडलं तर बीपी जातं, जास्त झालं तर छातीत पाणी. तक्ता दर तासाला बघून धार कमीजास्त करायला सांगतो, पण त्याला दर तासाला बघणारा माणूस पाहिजे. तीस कॉटला एक सिस्टर असेल तर त्या तक्त्याचा अर्थ काय उरतो, तुम्हीच सांगा.

---

विठू_कट्टेवाला | सोमवार, दुपारी ४:०२

डॉक्टर, एवढं टाईप करूपर्यंत किती पेशंट तपासून झाले असते.

---

डॉ_घाटमाथा | सोमवार, दुपारी ४:०६

जेवणाची सुट्टी आहे रे बाबा. डबा एका हातात आहे.

---

सबसेंटरची_ताई | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मी एएनएम (गावची आरोग्यसेविका), बैलहोंगलकडं. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या, घरात मराठी पण नोकरी सगळी कन्नडमधी.

बेळगावचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मी काढते. बाळंतपणानंतर रक्त जाऊन बाई मरते, ते थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडानं द्यायच्या, सुई नको, फ्रीज नको. त्याचा अभ्यास आपल्या जिल्ह्यात झाला, २००२ ते २००५, १६२० बायका, आणि गोळ्या देणाऱ्या आमच्यासारख्या एएनएम. बेळगावच्या मेडिकल कॉलेजचे आणि बाहेरचे डॉक्टर मिळून. ज्यादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आला. २००६ ला लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकामधी छापून आलं. म्हणजे मोठ्या डॉक्टरचं काम गावातली बाई करू शकते, फक्त पायऱ्या ठरवून द्या, हे इथं सिद्ध झालं.

आणि त्यात एक प्लास्टिकचं कापड वापरायचे, खाली पिशवीसारखं, त्यावर रेघा. रक्त किती गेलं ते रेघेवर दिसतं. डोळ्यानं बघितलं की आम्ही नेहमी कमीच सांगतो, कारण कुणाला जास्त सांगायला आवडत नाही. रेघ खोटं बोलत नाही. मला विचाराल तर प्रोटोकॉल म्हणजे ती रेघ.

---

हिशेबी_माणूस | सोमवार, रात्री ९:१५

ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. मी वैद्यकीयवाला नाही, ऑडिटवाला आहे, म्हणून चेकलिस्ट हा माझा विषय.

ऑपरेशनच्या आधीची १९ कलमांची यादी, जागतिक आरोग्य संघटनेची. २००९ च्या अभ्यासात आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत (दिल्लीही होतं) मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती सगळीकडं सक्तीची केली, १०१ हॉस्पिटलं, आणि २०१४ ला बघितलं तर लक्षात घेण्याजोगा फरक नाही. कागदावर मात्र जवळजवळ सगळे यादी वापरत होते. आता माझा धंदा असा आहे की मला ह्यात काहीच नवल वाटलं नाही.

बाळंतपणाचंही तसंच. सुरक्षित प्रसूतीची यादी आधी आपल्याच कर्नाटकात एका छोट्या प्रसूती केंद्रात वापरून बघितली, २९ आवश्यक गोष्टींपैकी सरासरी १० व्हायच्या त्या २५ व्हायला लागल्या. मस्त. मग उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत मोठा अभ्यास, २०१७ ला निकाल. पायऱ्या पाळणं वाढलं, पण माता-बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. हात धुतले, बीपी मोजलं, पण बीपी वाढलेलं निघाल्यावर पुढं पाठवायचं कुठं, रक्त मिळणार कुठं? यादी तिथं संपते.

---

अक्का_रात्रपाळी | सोमवार, रात्री ९:४०

बरोबर. पण हिशेबी, तुम्ही ऑडिटवाले आलात की आम्ही त्या दिवशी रकानेच भरत बसतो हेही लिहा की.

---

हिशेबी_माणूस | सोमवार, रात्री ९:४३

मान्य. चहा पण देता, तेही लिहितो.

---

चंदगडचा_बाळू | सोमवार, रात्री ११:२०

आमचं दुखणं वेगळं. आम्ही महाराष्ट्रात पण दवाखाना बेळगाव. मेव्हण्याला घोणस चावली, इकडं पहिल्यांदा लस दिली, मग तिकडं हलवला. चिठ्ठीत लस दिली एवढंच लिहिलेलं, किती बाटल्या, किती वाजता, कायच नाही. तिकडचे म्हणाले आम्ही पहिल्यापासनं धरणार. मी म्हटलं रिकाम्या बाटल्या तरी मोजा, त्या इकडंच राहिल्या! शेवटी तिकडच्या डॉक्टरनं फोन करकरून विचारलं तेव्हा जमलं. दोन्हीकडं प्रोटोकॉल एक नंबर असतील, पण मधल्या ३० किलोमीटरचा प्रोटोकॉल कुणाचा?

---

डॉ_घाटमाथा | मंगळवार, सकाळी ७:५०

बाळू, हा प्रश्न मी मीटिंगमधे जसाच्या तसा मांडणार आहे, तुमचं नाव न घेता. तोपर्यंत एक उपाय, रिकाम्या बाटल्या पेशंटबरोबर पिशवीत घालून पाठवा. हसू नका, मी स्वतः एकदा त्यावरनंच हिशेब लावलाय.

---

उसाचं_चिपाड | मंगळवार, रात्री १०:३०

सगळं दोनदा वाचलं. मी चांगलं का वाईट विचारलं होतं, तुम्ही मला नळी, रेघ, रस्ता आणि रिकाम्या बाटल्या दिल्या. चालतंय.

आज काकूंना घेऊन त्या दवाखान्यात गेलो होतो, सुटीच्या कागदावर सही पाहिजे होती. काकूंनी आयासाठी इरकल घेतली होती. ती बाई आधी घेईना. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो? म्हणाली, तिची आई ऊसतोडीच्या टोळीत होती, खोपटात खालीच झोपायचे सगळे, आणि तिचा धाकटा भाऊ असाच पहाटे पोट धरून उठला होता. तो काय दवाखान्यापर्यंत पोचला नाही. एवढं बोलून ती बादली उचलून गेली, लुगडं काखेत तसंच.

तो पोरगेला डॉक्टर पण भेटला. मला वाटलं तोंड चुकवेल, पण त्यानं हाताला धरून कॅज्युअल्टीत नेलं आणि पोटदुखीच्या तक्त्याच्या खाली दाखवलं. स्केचपेननं एक ओळ लिहिलीय, मराठीत आणि कन्नडमधे. "पहाटे दुखायला लागलं? खाली झोपला होता का?" नेलद म्याल मलगिद्रेन्री. वरच्या साहेबांची परवानगी नाही म्हणे अजून, छापील तक्त्यावर लिहायचं नसतं.

---

अक्का_रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:४१

फोटो आहे काय त्या ओळीचा? टाका. आमच्या तक्त्याखाली पण जागा आहे.